साइटला एसएसएल बसवताना क्रम चुकतो तो कुठे: आधी पत्ता, मग सर्टिफिकेट, सक्ती सगळ्यात शेवटी

लॉजवाल्यांचा फोन आला तो नवरात्राच्या तोंडावर. "अहो, साइट उघडली की लाल कायतरी येतंय, गिऱ्हाईक घाबरायलंय." महाद्वार रोडच्या आसपास लॉज असलेल्या माणसाला त्या नऊ दिवसांत साइट बंद पडणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. गंमत अशी की एसएसएल सर्टिफिकेटमध्ये (हा सर्व्हर याच डोमेनचा आहे हे ब्राउझरला पटवणारा दाखला, यावरच सुरक्षित एचटीटीपीएस चालतं) बिघाड काहीच नव्हता, कारण सर्टिफिकेट निघालेलंच नव्हतं. आदल्या दिवशी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बदललं होतं. ए रेकॉर्ड (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) नव्या सर्व्हरकडे वळवला होता, पण जुन्या सर्व्हरचा चार ए वाला (एएएए) रेकॉर्ड तसाच राहिला होता. सर्टिफिकेट देणारी संस्था पडताळणीला जायची ती जुन्या घरी. आणि इकडे पुतण्याने नव्या पॅनेलमध्ये 'सगळ्यांना एचटीटीपीएसवरच पाठव' हे बटण (शीर्षकातली सक्ती ती हीच) चालू करून ठेवलं होतं. निम्म्या लोकांना लाल पाटी, निम्म्यांना जुनी साइट आणि गेल्या वर्षीचे खोलीचे दर.

त्यातलं एकही काम अवघड नव्हतं. सगळी कामं उलट्या क्रमाने झाली होती, एवढंच. राजारामपुरीत बसून साइट सांभाळायचं काम करताना मला हाच घोळ वेगवेगळ्या रूपांत दिसतो, म्हणून हे क्रमाने लिहितोय.

पद्धत सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) धरून लिहिली आहे, कारण अनेकांना एकच सर्व्हर वाटून दिलेल्या शेअर्ड होस्टिंगवर बहुतेकांकडे तेच असतं. तुमच्याकडे प्लेस्क हे दुसरं पॅनेल किंवा कंपनीचं स्वतःचं पॅनेल असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

## तयारी: वहीचं एक पान

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एका पानावर एवढं लिहून काढा:

- डोमेन कुठल्या कंपनीकडे नोंदवलंय, लॉगिन कुणाच्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते.
- नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता जगाला सांगणारे सर्व्हर) कुणाचे आहेत: डोमेनवाल्याचे, होस्टिंगवाल्याचे की क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेचे.
- होस्टिंग पॅनेलचं लॉगिन आणि सर्व्हरचा आयपी पत्ता. सीपॅनेलच्या पहिल्या पानावर उजवीकडे तो बहुधा दिसतो.
- सर्टिफिकेट कोणकोणत्या नावांसाठी हवंय: मुख्य डोमेन, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून, मेल लावून, आणि एखादं सबडोमेन (मुख्य नावाआधी आणखी एक शब्द आणि टिंब लावून केलेलं नाव) असेल तर तेही.

पहिल्याच ओळीवर अडणारे पुष्कळ भेटतात. उद्यमनगरातल्या एका कारखानदाराचं डोमेन, साइट करून देणाऱ्या पोराच्या खासगी ईमेलवर निघालं. पोरगा कधीच पुण्याला गेला, ओटीपी त्याच्या फोनवर. तीन दिवस नुसते त्याला गाठण्यात गेले. हे आधी मिटवा. डोमेनचा ताबा हातात नसेल तर पुढचं सगळं वाळूवरचं बांधकाम.

साइट वर्डप्रेसवर असेल तर पूर्ण बॅकअप घ्या, फाइली आणि डेटाबेस दोन्ही, आणि तो होस्टिंगवरच न ठेवता आपल्या मशीनवर उतरवून ठेवा.

## १. पत्ता सरळ करा

सर्टिफिकेट देणारी संस्था तुम्हाला ओळखत नाही. ती एवढंच बघते, की या नावाने हाक मारल्यावर जो सर्व्हर ओ देतो तो खरंच सर्टिफिकेट मागणाऱ्याच्या ताब्यात आहे का. म्हणून नाव योग्य सर्व्हरकडे जायलाच हवं.

आधी ठरवा की डीएनएस, म्हणजे नाव-पत्त्याच्या नोंदी, बदलायच्या कुठे. जिथले नेमसर्व्हर, तिथेच. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असताना सीपॅनेलच्या झोन एडिटरमध्ये तासभर रेकॉर्ड बदलत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे केलेला बदल जगाला दिसतच नाही.

मग हे चार रेकॉर्ड बघा.

ए रेकॉर्ड: मुख्य डोमेनचा, होस्टिंगच्या आयपीकडे.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू: हे नाव वेगळं आहे. याचा स्वतःचा ए रेकॉर्ड हवा, किंवा मुख्य डोमेनकडे बोट दाखवणारा सीनेम.

एएएए रेकॉर्ड: हा आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या लांब पद्धतीच्या आयपीचा, पत्ता. हा रेकॉर्ड असेल तर लेट्स एन्क्रिप्ट (मोफत सर्टिफिकेट देणारी संस्था) पडताळणीला आधी त्याच पत्त्यावर जातं. तुमचं होस्टिंग आयपीव्ही६ देत नसेल किंवा हा पत्ता जुन्या सर्व्हरचा असेल, तर सरळ काढून टाका. लॉजवाल्यांकडे अडलं होतं ते इथेच. जिओसारख्या मोबाइल डेटावर आयपीव्ही६ चालतं, त्यामुळे फोनवर जुनी साइट उघडत होती. ऑफिसच्या वायफायला आयपीव्ही६ नव्हतं, म्हणून तिथे नवी.

सीएए रेकॉर्ड: या डोमेनचं सर्टिफिकेट कुणी द्यायचं, त्यांची यादी. बहुतेकांकडे नसतो, आणि नसला तर काही अडत नाही. पण पूर्वी कुणी विकतचं सर्टिफिकेट घेताना एकाच संस्थेचं नाव लिहून ठेवलं असेल, तर बाकीच्या संस्था नकार देतील. द्यावाच लागतो त्यांना. मोफत सर्टिफिकेट हवं असेल तर यादीत लेट्सएन्क्रिप्ट डॉट ओआरजी हे नाव घाला.

डोमेन देवनागरीत, शेवटी डॉट भारत असलेलं असेल तर घाबरू नका, सर्टिफिकेट त्यालाही मिळतं. फक्त पॅनेलमध्ये ते एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या रूपात दिसेल. हे दुसरं कुणाचं तरी डोमेन आहे असं समजून एकाने ते पॅनेलमधून काढून टाकलं होतं.

> तपासा: ऑफिसचं वायफाय बंद करून फोनच्या डेटावर साइट उघडा, एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि एकदा न लावता. दोन्हीकडे नवीच साइट दिसते ना? नसेल तर थांबा. रेकॉर्डचा टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) १४४०० असेल तर जुना पत्ता चार तासांपर्यंत लोकांच्या नेटवर्कमध्ये रेंगाळू शकतो. स्थलांतराच्या आदल्या दिवशी तो ३०० वर आणून ठेवला, तर हा वेळ वाचतो.

## २. कुठलं सर्टिफिकेट घ्यायचं

यावर फार वेळ घालवू नका. चपलांचं दुकान, गुळाचा व्यापार, क्लास, दवाखाना, लॉज, यांना डोमेनची पडताळणी करून मिळणारं मोफत सर्टिफिकेट पुरतं. विकतच्या सर्टिफिकेटने साइट जास्त सुरक्षित होते असं फोनवर सांगणारे भेटतील. माहितीला लागणारं कुलूप दोन्हीकडे सारखंच असतं. महागड्या सर्टिफिकेटमध्ये संस्थेच्या नावाची कागदोपत्री पडताळणी होते, पण पूर्वी पत्त्याच्या पट्टीत हिरव्या रंगात दिसणारं कंपनीचं नाव क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्येच काढून टाकलं. बँक किंवा सरकारी निविदेत तशी अटच असेल तर घ्या.

सबडोमेन खूप असतील आणि सतत नवी निघत असतील तर वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनना एकच चालणारं सर्टिफिकेट, बघा. लेट्स एन्क्रिप्टकडून ते मिळतं, पण फक्त डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड घालून होणाऱ्या पडताळणीवर.

## ३. ऑटोएसएसएल चालवा

ऑटोएसएसएल म्हणजे मोफत सर्टिफिकेट आपोआप काढून बसवणारी सीपॅनेलची सोय. सीपॅनेलमध्ये 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' हे पान उघडा. तुमच्या खात्यावरची सगळी नावं तिथे ओळीने दिसतात, प्रत्येकापुढे कुलपाचं चिन्ह.

हवी ती नावं निवडा आणि 'रन ऑटोएसएसएल' दाबा. एकदाच दाबा आणि चहा घेऊन या. काम पाच-दहा मिनिटांत होतं, कधी थोडं जास्त.

मेल, वेबमेल, ऑटोडिस्कव्हर अशी नावं या सर्व्हरकडे येत नसतील, समजा तुमचा मेल गुगलकडे किंवा मायक्रोसॉफ्टकडे आहे, तर ती यादीतून वगळा. त्यासाठी 'एक्स्क्लूड फ्रॉम ऑटोएसएसएल' हा पर्याय त्याच पानावर आहे. नाहीतर प्रत्येक वेळी तीच नावं नापास होत राहतात, आणि लाल खुणांच्या त्या गर्दीत खरी अडचण दिसत नाही.

> सावधान: नापास झालं म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. लेट्स एन्क्रिप्ट एका नावाला तासाला पाच फसलेल्या पडताळण्या चालवून घेतं, नंतर थांबवतं. आणि नेमक्या त्याच नावांच्या संचासाठी आठवड्यात पाचच सर्टिफिकेट देतं. सर्टिफिकेट काढून टाकून परत काढायचा खेळ केलात, तर आठवडाभर बसून राहावं लागू शकतं.

### नापास झालं तर संदेश वाचा

लाल ओळीखाली कारण लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही आणि स्क्रीनशॉट मात्र मला येतो. नेहमीची कारणं अशी:

४०४ आला. पडताळणीसाठी सर्व्हरवर वेल-नोन नावाच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल तात्पुरती ठेवली जाते, आणि संस्था ती बाहेरून उघडून बघते. ४०४ म्हणजे ती फाइल सापडली नाही. बहुधा नाव दुसऱ्याच सर्व्हरकडे जातंय. पायरी १ वर परत जा.

४०३ आला. फाइल आहे, पण वाट अडवली आहे. एचटीॲक्सेस (सर्व्हरला साइटचे नियम सांगणारी फाइल) मध्ये टिंबाने सुरू होणारं सगळं बंद करणारा नियम, सुरक्षा प्लगइन, किंवा साइट तयार होतेय म्हणून फोल्डरवर लावलेला पासवर्ड, यांपैकी एक. फाइल मॅनेजरमध्ये एचटीॲक्सेस दिसत नसेल तर सेटिंग्जमधून लपलेल्या फाइली दाखवायला सांगा.

वेळ संपली किंवा जोडणी झाली नाही. इथे एक खास भारतीय चूक आहे. स्पॅम थांबावा म्हणून फायरवॉलमध्ये (कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) 'भारताबाहेरून कुणी नको' असा नियम लावलेला असतो. लेट्स एन्क्रिप्ट मुद्दाम जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासतं, म्हणजे एखाद्या नेटवर्कमध्ये कुणी फसवाफसवी करत असेल तर ती पकडता यावी. तुमच्या नियमाने त्या सगळ्यांना दारातूनच परत पाठवलेलं असतं. आणि तपासायला येणारे पत्ते बदलते असतात, त्यामुळे ठरावीक आयपींना सूट देऊनही भागत नाही. वेल-नोनच्या वाटेला त्या नियमातून वगळा.

क्लाउडफ्लेअर मध्ये आहे. तिथे नावापुढे नारिंगी ढग असेल तर येणारे लोक क्लाउडफ्लेअरमार्फत येतात, राखाडी असेल तर थेट. नारिंगी ढगाने बरेचदा अडत नाही, पण अडलंच तर त्या नावापुढचा ढग राखाडी करा, सर्टिफिकेट निघू द्या, मग परत नारिंगी करा.

## ४. विकतचं सर्टिफिकेट हाताने बसवायचं असेल तर

मोफतवाल्यांनी थेट पायरी ५ वर जावं.

यात तीन कागद असतात आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. सीएसआर हा अर्ज. की ही तुमची गुप्त किल्ली. सीआरटी हे मंजूर होऊन आलेलं सर्टिफिकेट. अर्ज आणि किल्ली एकाच वेळी जन्माला येतात आणि सर्टिफिकेट त्याच जोडीला बसतं.

अ) 'एसएसएल/टीएलएस' पानावर सीएसआर तयार करा. डोमेन, शहर, राज्य, देश भरा. देशासाठी दोनच अक्षरं, आय आणि एन. शहर आणि राज्य इंग्रजीत पूर्ण लिहा, संक्षेप नको. किल्ली २०४८ बिटची आरएसए ठेवा, ती सगळीकडे चालते.

ब) सीएसआरचा मजकूर विक्रेत्याच्या पानावर चिकटवा. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतल्या दोन्हीकडच्या पाच-पाच रेघांसकट. वर्डमध्ये चिकटवून पुढे नेऊ नका, वर्ड त्या रेघा 'सुधारतो' आणि अर्ज बाद होतो. साधं नोटपॅड वापरा.

क) विक्रेता डोमेनची पडताळणी मागेल, ईमेलने, फाइलने किंवा डीएनएस रेकॉर्डने. ईमेल निवडलात तर तो ॲडमिन किंवा वेबमास्टर अशा ठरावीक नावांच्या पत्त्यावर येतो. तो मेलबॉक्स आहे का, हे आधी बघा.

ड) 'मॅनेज एसएसएल साइट्स'मध्ये डोमेन निवडा, सीआरटी चिकटवा, 'ऑटोफिल बाय सर्टिफिकेट' दाबा. किल्ली याच खात्यावर तयार झाली असेल तर ती आपोआप भरली जाते.

इ) सीए बंडलचा चौकोन रिकामा सोडू नका. पॅनेल तो स्वतः भरतं, नाही भरला तर विक्रेत्याने दिलेल्या फाइलींमधून घ्या.

या शेवटच्या चौकोनावर थोडं थांबतो, कारण इथली चूक लवकर कळत नाही. ब्राउझरचा विश्वास असतो तो मूळ संस्थेवर. तुमच्या सर्टिफिकेटवर सही असते मधल्या संस्थेची. ही मधली कडी सर्व्हरने पाठवायची असते आणि ती असते बंडलमध्ये. ती नसली तरी तुमच्या लॅपटॉपवर साइट छान उघडते, कारण तिथला ब्राउझर ती कडी दुसरीकडून मिळवतो किंवा त्याच्याकडे ती आधीची साठवलेली असते. फोनवर किंवा पेमेंटचा निरोप पाठवणाऱ्या सर्व्हरवर ती नसते, आणि तिथे साइट नाकारली जाते. "माझ्याकडं तर उघडतंय की" हे वाक्य ऐकलं की मी आधी बंडल बघतो.

"किल्ली जुळत नाही" असं आलं तर मधे कुणीतरी सीएसआर दुसऱ्यांदा तयार केला असतो. जुनी किल्ली याद्यांमध्ये शोधा. सापडली नाही तर नव्या सीएसआरवर विक्रेत्याकडून सर्टिफिकेट पुन्हा काढून घ्या. बहुतेक जण त्याचे पैसे घेत नाहीत.

> सावधान: किल्ली व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ईमेलवरही नको. सर्टिफिकेट कुणालाही दाखवा, ते उघडच असतं. किल्ली फुटली असं वाटलं तर नवी जोडी बनवा, नवं सर्टिफिकेट बसवा, आणि जुनं रद्द करायला संस्थेला कळवा.

## ५. सक्ती करण्याआधी तपासणी

आता सर्टिफिकेट बसलंय. साइट मात्र अजून दोन्ही वाटांनी उघडते, आणि ते तसंच हवंय.

- गुप्त खिडकीत (इन्कॉग्निटो) एचटीटीपीएस हाताने टाइप करून साइट उघडा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता.
- पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून सर्टिफिकेट उघडा. नाव तुमचं आहे ना? मुदतीची तारीख कुठली? होस्टिंग कंपनीचंच नाव दिसलं तर सर्व्हरने आपलं सर्वसाधारण सर्टिफिकेट पुढे केलंय, तुमचं बसलेलंच नाही. आणि क्रोममध्ये जुनं कुलूप शोधू नका, २०२३ पासून तिथे दोन सरकत्या कळांसारखं चिन्ह असतं.
- क्वालिसच्या एसएसएल लॅब्ज या मोफत चाचणीत डोमेन घाला. श्रेणी काय येते ते नंतर बघा, आधी 'चेन इश्यूज'ची, म्हणजे सह्यांच्या साखळीतल्या चुकांची, ओळ बघा. तिथे 'नन' हवं.
- दुकानातल्या एखाद्या जुन्या फोनवर उघडा. एकाच फोनवर चूक येत असेल तर आधी त्या फोनची तारीख बघा. तारीख मागे गेलेली असेल तर जगातल्या सगळ्या साइट त्याला लाल दिसतात.

## ६. साइटच्या आतले दुवे

सर्टिफिकेट बसवलं, तरी पानाच्या आत चित्रं आणि स्क्रिप्ट जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून मागवली जात असतील तर काम अर्धंच झालं. क्रोम जुन्या पत्त्याची चित्रं स्वतःच एचटीटीपीएसवरून मागवून बघतो, न मिळाली तर सोडून देतो. स्क्रिप्ट मात्र अडवतो. परिणाम: पान उघडतं, पण मेनू खाली पडत नाही, बुकिंगचा फॉर्म हलत नाही.

वर्डप्रेसमध्ये 'सेटिंग्ज'मधल्या 'जनरल' पानावर दोन पत्ते असतात. दोन्ही एचटीटीपीएस करा. सेव्ह केल्यावर परत लॉगिन करावं लागेल, ते बरोबरच आहे.

मग डेटाबेसमधले जुने पत्ते. इथे अनेक जण फोनवर शिकलेलं एक वाक्य पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस उघडायचं साधन) टाकून सगळीकडे एका दमात शोध-बदल करतात, आणि साइटचे विजेट गायब होतात. कारण असं, की वर्डप्रेस बरीच माहिती गठ्ठा बांधून ठेवतो आणि प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहितो: '२५ अक्षरं', आणि पुढे पत्ता. तुम्ही एचटीटीपीला एस जोडला की पत्ता झाला २६ अक्षरांचा, आकडा राहिला २५. वाचताना हिशोब जुळत नाही आणि अख्खा गठ्ठाच फेकला जातो. म्हणून हा गठ्ठा उघडून, लांबी सुधारून परत बांधणारंच साधन वापरा. बेटर सर्च रिप्लेस हे प्लगइन ते काम करतं, आणि त्यात आधी 'ड्राय रन' करून किती जागा बदलतील ते बघता येतं. कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करणं, येत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या साधनातला शोध-बदल त्याहून बरा.

थीमच्या फाइलीत हाताने लिहिलेला पत्ता, फूटरमधला नकाशा, पेज बिल्डरने साठवलेली सीएसएस फाइल, हे सगळं त्यातून सुटतं. पान उघडून एफ१२ दाबा, 'कन्सोल'मध्ये 'मिक्स्ड कंटेंट' शोधा, ओळीत नेमका पत्ता दिसेल. मुखपृष्ठावर नाही सापडला म्हणून निश्चिंत होऊ नका. संपर्काचं पान, पैसे भरण्याचं पान आणि एखादं जुनं पान, तिन्ही उघडा.

## ७. आता सक्ती

सीपॅनेलच्या 'डोमेन्स' पानावर 'फोर्स एचटीटीपीएस रीडायरेक्ट' हा खटका आहे. तो चालू करा. एवढंच.

सक्ती एकाच जागी करा. पॅनेलमध्ये खटका, एचटीॲक्सेसमध्ये नियम, वर प्लगइन, आणि क्लाउडफ्लेअरमध्येही तोच पर्याय, असं चौघांनी मिळून एकाच माणसाला ढकललं की तो गोल फिरत राहतो. 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणतात ते हेच.

क्लाउडफ्लेअरवाल्यांचं गोल फिरणं बहुधा 'फ्लेक्सिबल' या सेटिंगमुळे असतं. त्यात गिऱ्हाईक ते क्लाउडफ्लेअर एचटीटीपीएस, आणि क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर साधं एचटीटीपी. तुमचा सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसने ये. क्लाउडफ्लेअर परत साध्या वाटेनेच येतो. सेटिंग 'फुल स्ट्रिक्ट' करा. पायरी ३ मध्ये सर्व्हरवर खरं सर्टिफिकेट बसलंय, त्यामुळे ते लगेच चालेल.

एचटीॲक्सेसमध्ये नियम स्वतः लिहिणार असाल तर आधी ३०२ (तात्पुरता पत्ता बदल) ठेवा आणि दोन दिवसांनी ३०१ करा. ३०१ म्हणजे कायमचा पत्ता बदल, ब्राउझर तो लक्षात ठेवतात. चुकीचा ३०१ तुम्ही पाच मिनिटांत दुरुस्त कराल, पण ज्याने मधल्या वेळात साइट उघडली त्याच्या फोनमध्ये तो राहतो.

एचएसटीएस हा हेडर, म्हणजे पानासोबत सर्व्हर पाठवतो ती सूचना, याच्या पुढचा. ब्राउझरला तो सांगतो, की पुढचे इतके सेकंद या साइटवर साध्या वाटेने येऊच नकोस. यात सर्टिफिकेट बिघडलं तर 'तरीही पुढे जा' हा पर्यायसुद्धा गिऱ्हाइकाला मिळत नाही. म्हणून सुरुवात ३०० सेकंदांनी करा, मग एक आठवडा, आणि सगळं सुरळीत राहिलं तर वर्ष, म्हणजे ३१५३६००० सेकंद. त्यात 'इन्क्लूड सबडोमेन्स' हा शब्द डोळे झाकून घालू नका. गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर सबडोमेनवर साध्या एचटीटीपीने चालत होतं. मुख्य साइटवर हा शब्द घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीची हजेरी लागेना. ब्राउझरमध्ये आधीच भरून येणाऱ्या 'फक्त एचटीटीपीएस' साइटांच्या प्रीलोड यादीत नाव देण्याचं तर लहान धंद्याला काही कारणच नाही. त्या यादीतून बाहेर पडायला महिने लागतात.

> तपासा: चारही रूपं टाइप करून बघा: साधं, साधं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह, एचटीटीपीएस, एचटीटीपीएस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह. चारही वाटा एकाच शेवटच्या पत्त्यावर यायला हव्यात.

## ८. नूतनीकरणावर नजर

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. पॅनेल ते मुदतीच्या आधीच आपोआप नवं करतं. पण 'आपोआप' हे पायरी १ मधली परिस्थिती तशीच राहिली तरच. मधे कुणी डीएनएस बदललं, फायरवॉलचा नियम लावला, खात्याची जागा भरली, की ते मुकाट्याने थांबतं. आणि थांबल्याचं साइटवर काहीच दिसत नाही, मुदत संपेपर्यंत.

पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपण्याआधी ईमेल पाठवायचं. जून २०२५ पासून ते बंद झालं आहे, तेव्हा त्या ईमेलची वाट पाहत बसू नका. साइट चालू आहे का हे बघणाऱ्या मोफत सेवांपैकी ज्या सर्टिफिकेटची मुदतही बघतात, त्यातली एखादी लावा, आणि तिचा इशारा धंद्याच्या मालकाच्या फोनवर जाऊ द्या, फक्त डेव्हलपरच्या नको. शिवाय महिन्यातून एकदा स्वतः तारीख बघा. ९० दिवसांच्या सर्टिफिकेटचे २० हून कमी दिवस उरलेले दिसले, तर नूतनीकरण कुठेतरी अडलंय असं समजा आणि पायरी ३ मधले संदेश वाचा.

विकतचं सर्टिफिकेट हाताने बसवणाऱ्यांनी तर आताच विचार करावा. सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षाचे पैसे भरले तरी वर्षभरात सर्टिफिकेट अनेकदा बदलावं लागणार. दर दीड महिन्याला वरची पायरी ४ हाताने करायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

मेलचंही याच वेळी बघा. आउटलुकमध्ये 'नाव जुळत नाही' अशी पाटी आली तर मेल लावलेलं नाव सर्टिफिकेटमध्ये नाही. ते नाव ऑटोएसएसएलमध्ये घ्या, किंवा आउटलुकमध्ये होस्टिंग कंपनीने दिलेलं सर्व्हरचं नाव भरा. 'दुर्लक्ष करा' दाबायची सवय मात्र कर्मचाऱ्यांना लावू नका.

## ९. होस्टिंग बदलताना

लॉजवाल्यांचं काम मुळात असं करायला हवं होतं:

अ) निदान एक दिवस आधी टीटीएल ३०० करा.

ब) जुन्या खात्यावरून चालू सर्टिफिकेट, किल्ली आणि बंडल उतरवून नव्या खात्यावर 'मॅनेज एसएसएल साइट्स'मध्ये बसवा. सर्टिफिकेट डोमेनच्या नावाला बांधलेलं असतं, सर्व्हरला नाही, त्यामुळे ते दोन्हीकडे चालतं. त्याचे निदान पंधरा दिवस उरलेले हवेत.

क) नवी साइट आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (फक्त त्या कॉम्प्युटरपुरती नाव-पत्त्याची नोंद) नवा आयपी लिहून आधी तपासा. तपासून झाल्यावर ती ओळ काढायला विसरू नका, नाहीतर पुढचे आठ दिवस तुम्हाला एक दिसेल आणि जगाला दुसरं.

ड) मग ए रेकॉर्ड बदला, एएएए काढा किंवा बदला.

इ) दुसऱ्या दिवशी ऑटोएसएसएल चालवा. जुन्या सर्टिफिकेटच्या जागी नवं आलं का बघा. हाताने बसवलेलं सर्टिफिकेट वैध असेपर्यंत काही पॅनेलं त्याला हात लावत नाहीत. तसं असेल तर मुदतीची तारीख वहीत लिहा, नाहीतर ते हाताने काढून लगेच ऑटोएसएसएल चालवा, रात्री उशिरा.

जुनं खातं लगेच बंद करू नका. पंधरा दिवस राहू द्या, कारण कुणाच्या तरी नेटवर्कमध्ये जुना पत्ता असतोच, आणि मेल त्याच सर्व्हरवर असेल तर त्या दिवसांतली काही पत्रं तिथेच येऊन पडतात. लॉजवाल्यांची अशी तीन बुकिंगं जुन्या वेबमेलमध्ये सापडली, त्यातलं एक अष्टमीचं.